गाणं थांबवायचं कधी, तेही सांगा

मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात प्रत्येक बॅटर बॅटिंगला चालत येताना स्पीकरवर तिचं आवडतं गाणं लावावं, असं एका लेखात सुचवलंय. अमेरिकेतल्या लीगमध्ये हे सर्रास चालतं आणि मजाही येते. पण गाणं लावणं सोपं, थांबवणं ही खरी कसरत. बॅटरने बॉक्समध्ये, म्हणजे बॅटिंगसाठी आखलेल्या चौकटीत, पाय ठेवला की आवाज बंद. म्हणजे हातात जेमतेम 10-12 सेकंद. तेव्हा गाण्याची सुरुवात वगैरे सोडा, थेट ठेका धरणारा तुकडा कापा आणि शेवटचे 2 सेकंद आवाज उतरता ठेवा. मध्येच तुटलेलं गाणं कानाला खटकतं.

फायलींना बॅटिंग ऑर्डरचे नव्हे, जर्सीचे नंबर द्या. ऑर्डर ऐनवेळी बदलते, मग भलत्याच मुलीचं गाणं वाजतं आणि ती बिचारी ओशाळते.

गाणी आधीच डाउनलोड केलेली हवीत. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करा, नाहीतर तिन्ही बेसवर धावपटू उभ्या असताना, अगदी मोक्याच्या क्षणी, कुणाच्या तरी आत्याची रिंगटोन मैदानभर घुमेल! फोन स्पीकरपासून दोन-चार पावलांवरच असू द्या. मध्ये माणसं उभी राहिली की ब्लूटूथ अडखळतं.

चेंडू खेळात असताना मात्र पार्श्वसंगीतसुद्धा नको. उंच उडालेल्या कॅचखाली दोघी धावतात तेव्हा 'माझा!' ही हाक ऐकू आली नाही, तर टक्कर ठरलेली. आणि हो, 'क्लीन' (म्हणजे शिव्या नसलेलं) असं लिहिलेलं गाणंही एकदा पूर्ण ऐकाच.