दिग्दर्शक व्हायचंय? साताऱ्याची गाडी धरा

सुरुवात माहितीपटाने करा, कारण त्यात कलाकारांना मानधन द्यावं लागत नाही. साताऱ्यात विषय दोनच: कासची फुलं आणि माणचा दुष्काळ. फुलं सप्टेंबरातच येतात आणि गर्दी फार, तेव्हा दुष्काळ घ्या. दहिवडीच्या पुढे एखादी आजी गाठा, डोक्यावर हंडा द्या. तिच्या दारात नळ असला तर कॅमेरा विहिरीकडे वळवा. उरमोडी धरणाचं पाणी माणमध्ये पोचलंय. कॅनॉल फ्रेममध्ये येऊ नये ही जबाबदारी सहायकावर टाका. “आजी, सहज चाला,” म्हणत तिला पाच-सहा वेळा चालवा. “रोजगार हमीवर मस्टर तरी असतंय,” असं ती म्हणाली तर तेवढं कापा. मग ड्रोन, खाली भेगाळलेली जमीन, मागे बासरी.

हे बघणार कोण, असं विचारू नका. पूर्वी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट सिनेमाआधी सक्तीने दाखवत. प्रेक्षक शेंगदाणे सोलेपर्यंत तरी हाती लागायचा. १९४८ सालची ती सरकारी संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. आता महोत्सव आहेत. दाढी वाढवा.

वास्तवावर घरभाडं भागेना, की मालिका घ्या. गोष्ट आटलेली असताना रोज बावीस मिनिटांचं रान भिजवायचं, म्हणजे दुष्काळाचा अनुभव इथे वाया जात नाही. एखादा वाडा भाड्याने घ्या आणि मालकाला मागच्या खोलीत बसवून कुकरची शिट्टी बंद करा. नायिकेला सोमवारी कळलेलं सत्य सासूला पुढच्या पंधरवड्यात कळू द्या. मधल्या काळात दाराआडून ऐकायला नणंद आहेच. भाषेची चिंता नको. वाक्यामागे ‘की’ जोडला, की मुंबईच्या चॅनेलला ते अस्सल सातारी वाटतं. युनिटला जेवण वाढणारा वडूजचा पोरगा “आमच्यात असं कोण बोलतं?” म्हणाला, तर त्याला चहा सांगा. आणि गुरुवारी टीआरपी पडलेला दिसला, तर चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमचा फोन यायच्या आत कुणाची तरी स्मृती घालवा. (कुणाचीही चालते. प्रेक्षकांची आधीच गेलेली असते.)

मग सिनेमा. त्यासाठी वाई, पण ती वाई आहे हे कळता कामा नये. २००३ च्या ‘गंगाजल’साठी ती बिहार झाली, २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये शेजारची मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली, २०१० च्या ‘दबंग’मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश. तशी वाई दक्षिण काशीच, त्यामुळे घाट कुरकुरत नाहीत. तुमचं बजेट मराठी असल्याने मात्र तुम्हाला वाईची वाईच ठेवावी लागेल. इलाज नाही.

प्रदर्शनाची काळजी सरकारने घेतली आहे. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सात मराठीला प्राइम टाइम मिळाला आणि लगोलग तो दुपारी बारा ते रात्री नऊ असा ऐसपैसही झाला. तुम्हाला त्यातला साडेबाराचा शो मिळेल. मंगळवारी तोही जाईल.

तरी गावात सत्कार होणारच. पाहुण्यांनी भाषणात सिनेमाचं नाव चुकवलं तरी हसत शाल घ्या आणि शेजारच्या खुर्चीतल्या प्लॉटिंगवाल्या शेठशी गोड बोला. त्यांचं धाकटं पोरगं जिमला जातं, रील्स करतं. त्याला शोभेल अशी कथा माझ्याकडे तयारच आहे, असं तिथेच सांगून टाका.