पॅनल वाकतं, फुगतं, मग कॅनव्हास सोडायचा कशाला? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. तुमचे मुद्दे आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं की मी पॅनलचं, म्हणजे कॅनव्हासऐवजी रंगवायला घेतलेल्या प्लाय, एमडीएफ, हार्डबोर्ड अशा कडक पृष्ठभागाचं, नको तेवढं कौतुक करतोय, कॅनव्हासवरची चित्रं शेकडो वर्षं टिकलीच आहेत, उलट मोनालिसा लाकडावर असूनही तिला तडा गेलाय, एमडीएफ पाण्याने फुगतो, हार्डबोर्डला बाक येतो (तुमच्या स्वतःच्या बोर्डला आलाय), कॅनव्हासवर ब्रशला जी साथ मिळते ती कडक पृष्ठभागावर मिळत नाही, आणि नवख्या मुलांना या भानगडीत अडकवू नये.

आधी त्या शेकडो वर्षांचं बघू. कॅनव्हास टिकलाय हे खरं, पण कसा टिकलाय तेही बघायला हवं. जुन्या कॅनव्हासवरच्या कितीतरी चित्रांना मागून दुसरा कॅनव्हास चिकटवलेला असतो, कारण मूळ कापड कमजोर होतं किंवा रंग सुटायला लागतो. रेम्ब्रांटचं 1642 मधलं नाइट वॉच घ्या, त्याला असे मागचे कॅनव्हास एकदा नाही, वेगवेगळ्या काळात अनेकदा लावले गेलेत, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात लहरी आल्या म्हणून 2022 मध्ये ते लाकडी स्ट्रेचरवरून (कॅनव्हास ताणायच्या चौकटीवरून) काढून नव्या स्ट्रेचरवर ताणावं लागलं. म्हणजे त्यामागे संग्रहालय आणि तज्ज्ञ माणसं उभी आहेत. आपल्या चित्रामागे कोण उभं राहणार? म्हणून मला वाटतं की चित्राला पुढे कुणाची मदत मिळणार नाही असं धरूनच पृष्ठभाग निवडावा.

आता कडकपणाच का, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातून पाणी उडून जात नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि ही क्रिया चित्र हाताला सुकं लागल्यावर थांबत नाही, वर्षानुवर्षं चालू राहते, थर हळूहळू कडक आणि मग ठिसूळ होत जातो. खाली कापड मात्र हलतच राहतं. हवा कोरडी झाली की कापडाला रंगाआधी लावलेला सरस आकसतो आणि ताण वाढतो, हवा फार दमट झाली की सरस ढिला पडतो आणि जाड विणीचं लिननसुद्धा आखडू शकतं. ठिसूळ थर वर आणि हलतं कापड खाली, मग तडे जाणार नाहीत तर काय होईल. त्यात झिंक व्हाइट (झिंक ऑक्साइडचा पांढरा रंग) असेल तर अजूनच वाईट, तेलातला झिंक ऑक्साइड फार ठिसूळ होतो आणि थर एकमेकांपासून सुटायला लागतात. मी तर तैलरंगात, तेही कॅनव्हासवर, झिंक व्हाइट वापरू नका असंच सांगेन, आणि ट्यूबवर नुसतं व्हाइट लिहिलेलं असलं तरी मागे कुठलं रंगद्रव्य आहे ते वाचून घ्या.

अ‍ॅक्रिलिकचं वेगळं आहे. तो थर लवचीकच राहतो, फक्त कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतो, त्यामुळे अ‍ॅक्रिलिक करणाऱ्याने कॅनव्हासची एवढी चिंता करायचं कारण नाही. तुम्ही अ‍ॅक्रिलिकमध्येच काम करत असाल तर आपलं भांडण निम्मं इथेच मिटतं. उलट टोकाला एग टेम्परा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग) आणि सरस-खडूचा खराखुरा गेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा थर), हे दोन्ही इतके ठिसूळ की त्यांना कडक आधार लागतोच. गरम मेणात कालवलेल्या रंगांनाही तसंच, आणि त्यांना शोषून घेणारा पृष्ठभाग लागतो, नेहमीच्या अ‍ॅक्रिलिक गेसोवर मेण नीट धरत नाही.

मोनालिसाचा मुद्दा तुम्ही बरोबर आणलात, पण तो पॅनलविरुद्ध जात नाही, सलग फळीविरुद्ध जातो. ते चित्र पॉप्लरच्या एकाच फळीवर आहे, साधारण 77 बाय 53 सेंटीमीटर. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत 0.1 ते 0.2 टक्के फार झालं, पण रेषांच्या आडव्या दिशेने तेच लाकूड जातीप्रमाणे आणि काप कसा घेतलाय त्याप्रमाणे 3 ते 10 टक्के आकसतं. म्हणून फळीला बाक येतो, आणि तडा गेला तर रेषांच्या दिशेने जातो, मोनालिसाचा तडाही वरच्या कडेपासून सरळ खालीच उतरतो. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवतात ते नेमकं याच कारणासाठी, आणि एमडीएफ किंवा हार्डबोर्डमध्ये तर लाकडाचा लगदाच केलेला असतो त्यामुळे रेष उरतच नाही. तेव्हा लाकडी फळीचा दोष या सगळ्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. प्लायचा दोष वेगळा आहे, वरच्या पापुद्र्याला बारीक भेगा पडतात आणि काही वर्षांनी त्या रंगातून दिसायला लागतात, म्हणून प्लाय घेतलाच तर त्यावर पातळ कापड चिकटवून मग गेसो द्यावा.

एमडीएफ फुगतो, यात वादच नाही. पण तो फुगतो कुठून? बहुतेक वेळा कडेकडून. वरचा पृष्ठभाग दाबून घट्ट झालेला असतो, कापलेली कड मात्र उघडी असते आणि पाणी ओढून घेते, ती एकदा फुगली की पुन्हा बसत नाही. म्हणून रंगवायच्या बाजूआधी कडा बंद करायच्या, मग मागची बाजू, मग पुढची. सहाही बाजू. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळलं की तुम्ही म्हणता तेच होतं. एमडीएफची खरी अडचण मला वजन आणि कोपरे वाटते, 60 बाय 90 सेंटीमीटरचा 6 एमएम तुकडा जवळपास अडीच किलो भरतो आणि एकदा कोपऱ्यावर पडला की कोपरा भुसभुशीत होतो. आणि कापताना मास्क लावाच, धूळ फार बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडवाला रेझिन असतो.

अजून एक गोष्ट जी नवख्यांना कुणी सांगत नाही. अ‍ॅक्रिलिक गेसो ओला असताना खालच्या लाकडातले पाण्यात विरघळणारे पिवळे-तपकिरी घटक वर ओढतो, पांढरा गेसो मळकट दिसायला लागतो आणि माणूस गेसोला दोष देतो. आधी अ‍ॅक्रिलिक सीलरचे दोन हात मारले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला, की हा त्रास बराच कमी होतो.

हे सगळं नको असेल तर एसीपी, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये प्लास्टिक. दमट हवेचा त्याच्यावर परिणाम होत नाही, बाक येत नाही, मी मोठ्या तैलचित्राला सगळ्यात आधी याचाच विचार करतो. धातूवर रंगवणं नवं नाही, चारेकशे वर्षांपूर्वीचा फ्लेमिश चित्रकार यान ब्रूगेल थोरला तांब्याच्या पत्र्यावर रंगवायचा आणि ती चित्रं आजही बघण्यासारखी आहेत. फक्त एसीपीचा पृष्ठभाग गुळगुळीत, काही शोषत नाही, तेव्हा पॉलिश पेपरने नीट घासायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग हाताचा तेलकटपणा लागू न देता प्रायमर (रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला थर). तो धरला की नाही ते आधी एका तुकड्यावर बघा, काही दिवस वाळू द्या, ब्लेडने बारीक जाळी कापा, चिकटपट्टी घट्ट लावून झटक्यात ओढा. रंगाचे चौकोन पट्टीबरोबर आले तर प्रायमर बदला.

ब्रशच्या साथीबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. ताणलेल्या कापडाचा उसळता स्पर्श ज्याला आवडतो त्याला पॅनल मेलेलं वाटतं, आणि हात खूश नसेल तर चित्र होत नाही. पण विणीची पकड हवी असेल तर पॅनलवर लिनन चिकटवा, उसळी जाईल पण वीण राहील. आणि बारीक काम, चेहरा, चाकूने रंग खरवडणं, घासून परत रंगवणं, यात खाली कडक आधार असला की हात किती मोकळा होतो ते करूनच बघावं लागतं. ड्रॉइंगला तर फारच, सिल्व्हरपॉइंटला (चांदीच्या तारेने केलेल्या रेखाटनाला) थोडा खरखरीत ग्राउंड, म्हणजे खालचा थर, लागतो, पेस्टलला प्युमिस दगडाच्या पुडीचा, आणि दोन्ही वाकणाऱ्या कागदापेक्षा पॅनलवर निर्धास्त राहतात.

मोठ्या मापाला मात्र कॅनव्हासच, हे मीही मानतो. भिंतभर चित्र करायचं तर पॅनलचं वजन झेपत नाही, गुंडाळून नेता येत नाही, वेनिसचे चित्रकार कापडाकडे वळले त्यात हीही कारणं होतीच.

नवख्यांचं म्हणाल तर मी त्यांना एसीपी घासत बसा असं सांगतच नाही. सरावाला कागद चांगला. पण ज्या दिवशी एखादं चित्र ठेवावंसं वाटेल त्या दिवशी छोटं, सील केलेलं हार्डबोर्ड हाताशी असावं एवढंच.

आणि तुमचा वाकलेला बोर्ड. लिहिलंयत त्यावरून 3 एमएमचा आहे, गेसो फक्त पुढच्या बाजूला दिलाय आणि मध्यभाग आत गेलाय, म्हणजे वाळताना गेसोने पुढून ओढलंय आणि मागून ओढणारं काही नाही. मागच्या बाजूला तेवढेच हात मारा, कडाही बंद करा, आणि सपाट जागी हवा खेळती ठेवून वाळू द्या. थोडा बाक असेल तर बऱ्याचदा एवढ्याने सरळ होतो. तरी राहिला तर मागे लाकडी पट्ट्यांची चौकट चिकटवा, शिकंजे लावून रात्रभर ठेवा, आणि यापुढे 3 एमएमला लांब बाजू 40 सेंटीमीटरच्या वर गेली की चौकट आधीच लावत जा, गेसोच्या आधी.