आखाजीच्या पत्त्यांचं नाव घेऊ नका

परवा आठवडे बाजारात चहा घेत उभा होतो, तिथं पुन्हा तेच ऐकलं आणि डोकं फिरलं. "आप्पा, त्यात काय एवढं? आपल्या खान्देशात आखाजीले पत्ते खेळतातच ना? पोरं आता मोबाईलवर खेळतात, इतकंच." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. बोलणारा अडाणी नव्हता, चांगला शिकलेला माणूस. सोबतच्या तिघांनी माना डोलावल्या. मी तिथं भांडलो, घरी आलो, जेवलो, तरी राग उतरला नाही.

इतकंच नाही. अजिबात इतकंच नाही.

माझ्या पुतण्यानं या हिवाळ्यात पंधरा क्विंटल कापसाच्या पैशातून साडेचौसष्ट हजार रुपये घालवले. शेतात बसून, मोबाईलवर पैसे लावून. आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, मग पोरगा रात्री गव्हाला पाणी भरायला जातो. मोटार चालू केली की वाफा भरेपर्यंत बसून राहायचं. मी एका रात्री दीड वाजता डबा घेऊन गेलो तर वाफा फुटून पाणी शेजारच्या बांधावरून वाहत होतं आणि हा खोपीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. तोंडावर मोबाईलचा निळा उजेड, अंगठा सारखा हलतोय. मी दोनदा हाक मारली, त्याला ऐकू आली नाही. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला तेव्हा दचकला आणि म्हणाला, "काही नाही आप्पा, टाइमपास." मग मी ओरडलो, तर त्यानंही तेच तोंडावर फेकलं, "आखाजीले तुम्ही बी खेयतस ना!"

हो, खेळलो. चाळीस वर्षं खेळलो, लपवत नाही. पण कधी, कुठं, कुणासोबत, ते ऐका.

आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं, नवं ठरतं. जुना हिशेब फिटलेला असतो. शेत नांगरून उन्हात तापत पडलेलं, पाऊस अजून लांब. वर्षभरात गड्याच्या हाताला काम नाही असे ते दोन-तीन दिवस. लेकीबाळी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली, घरात घागर भरलेली, रस आणि मांडे. आणि गावातले गडी पारावर गोणपाट टाकून पत्ते कुटत बसलेले. झन्नामन्ना, तीन पत्ती, रमी, जे येईल ते. खिशात जेवढे सुटे तेवढाच डाव. संपले की उठायचं, कारण उसने मागायचे तर समोर बसलेल्या चुलत्याकडेच मागावे लागायचे आणि तो आधी शिव्या द्यायचा. आमच्या पारावर एक जिभाऊ होते. ते स्वतः खेळत नसत, बाजूला बाजेवर बसत. कुणी हातघाईवर आला की नुसतं म्हणायचे, "ऊठ, घर जाय, रस खाय." आणि माणूस उठायचा. गोणपाट गुंडाळलं की वर्षभर पत्त्याला हात नाही.

आखाजीच्या पत्त्यांनी कुणाचं वाटोळं झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालंय. बैलजोडी हरलेला माणूस आमच्याच गल्लीत होता. पण तो कुणाकडं हरला ते अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि जिंकणाऱ्याला त्याच रस्त्यानं रोज तोंड दाखवावं लागत होतं. त्यानं पुढच्या पेरणीला स्वतःची जोडी दिली, द्यावीच लागली.

आता मला सांगा, मोबाईलमधल्या डावात समोर कोण बसलंय? माणूस आहे की मशीन, हे तरी कुणाला माहीत आहे का? रात्री दीड वाजता "ऊठ, घर जाय" म्हणणारा कोण आहे तिथं? तिथं उलट आहे. पोरगा दोन दिवस खेळला नाही की फोन वाजतो, शंभर रुपये बोनस आले म्हणून. आखाजी वर्षातून एकदा येते, हा डाव रोज, बारा महिने, खिशात घेऊन फिरायचा. दरवाजाच नाही त्याला.

आणि ते कौशल्याचं तुणतुणं! किती वर्षं ऐकवलं आम्हाला. 1960 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, ते खरं. पण त्याच निकालात हेही म्हटलंय की जागेचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. हे वाक्य कुठल्या जाहिरातीत ऐकलं का? आमच्याकडे अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. ॲप दुसरं काय करत होतं? नाल काढणाऱ्याला पोलीस धरून नेत होते आणि इकडे तेच काम करणाऱ्यांच्या जाहिरातीत मोठमोठे चेहरे हसत होते. शेवटी व्यसन लागू शकतं ही ओळ इतक्या घाईत म्हणायचे की म्हाताऱ्या माणसाला एक शब्द कळू नये. सरकारनंही ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा आला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पण तोपर्यंत गावागावात पोरांचे अंगठे तयार झाले होते. आता ॲप नाही तर लिंक येते, कुणीतरी "आयडी", म्हणजे खेळायचं खातं, देतो, पैसे कुणाच्या तरी खात्यावर टाकायचे आणि खेळायचं.

मी काही मोबाईलच्या विरोधात नाही. केळीचा भाव सकाळी फोनवर कळतो, सातबारा घरबसल्या निघतो, तलाठ्याच्या मागं फिरणं वाचलं. ज्यानं हे दिलं त्याचं भलं होवो. पण पारावरचा डाव उचलून नेताना त्यांनी फक्त पत्ते आणि पैसे नेले. पार इथंच राहिला, जिभाऊ इथंच राहिले, झोका इथंच राहिला.

वहिनी, म्हणजे त्या पोराची आई, त्याचं पासबुक भरून आणायला बँकेत गेली होती. बियाण्याचे पैसे शिल्लक आहेत का ते बघायला. तिला इंग्रजी नावं वाचता येईनात म्हणून माझ्याकडे आली. ओसरीत उभ्या उभ्या मी वाचायला लागलो. पाचशे. पाचशे. हजार. पाचशे. दोन हजार. दर वेळी वेगळ्याच माणसाचं नाव, ना ओळखीचं, ना आपल्या भागातलं. सव्वादोन पानं. ती मध्येच म्हणाली, "एवढ्या लोकांकडून यानं काय घेतलं असेल हो, भाऊजी?" मला पुढं वाचता आलं नाही.

ते पासबुक मी मागून घेतलंय. आता सदऱ्याच्या खिशातच असतं. आता पुन्हा कुणी चहा पिता पिता मला म्हणालं ना, की आपल्याकडे आखाजीले खेळतातच, तर त्याच्या हातात देईन आणि म्हणेन, वाच. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं.