मला १९३६चं फैजपूर बघायचंय
इतिहासातला कोणता काळ बघायला आवडेल, असं एका लेखात लोकांना विचारलंय आणि बहुतेकांनी शिवकाळ नाहीतर पेशवाई असं उत्तर दिलंय. मला मात्र डिसेंबर १९३६चं आमचं जळगावकडचं फैजपूर बघायचंय. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेलं टिळकनगर, म्हणजे अधिवेशनाची जागा! माझी आजी तेव्हा सात वर्षांची, यावलहून बैलगाडीनं गेलेली. भाषणांतलं तिला काहीच आठवत नसे. पण फडक्यात बांधलेली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मिरचीचा ठेचा आणि थंडीत वडिलांच्या घोंगडीत शिरून पाहिलेली गाड्यांची रांग, हे ती कितीदा तरी सांगायची. आपल्यासारखीच शेतकरी माणसं देशाच्या कामाला निघाली होती हो! अजूनही त्या रस्त्यानं जाताना एसटीच्या खिडकीतून मी केळीच्या बागांमध्ये ती गाडीवाट शोधतो.