किलोओहम बघून ब्रिज हंबकर घेऊ नका

गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. नवीन कुणी ‘ब्रिजला कुठला हंबकर टाकू?’ असं विचारलं की कुणीतरी तो चिकटवतं. (पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग: मॅग्नेट आणि त्याच्याजवळ तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, म्हणजे कॉइल. हंबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, आणि ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग.) सार असं: पिकअपचा रेझिस्टन्स, म्हणजे किलोओहममध्ये मोजला जाणारा विद्युतरोध, म्हणजेच त्याची ताकद. 8 किलोओहमचा पिकअप ब्लूजपुरता, हार्ड रॉक आणि मेटलला 15 च्या वरचाच लागतो. सिरॅमिक मॅग्नेट कर्कश, अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) गोड. आणि आवाज पातळ वाटत असेल तर पिकअप बदलण्यावाचून इलाज नाही. चारही वाक्यं ठाम आहेत, म्हणून पटकन पटतात. पण त्यांच्या भरवशावर कॉलेजातली मुलं गिटारच्या निम्म्या किमतीएवढे पैसे पिकअपवर घालतात आणि पदरात गढूळ आवाज पडतो. हे थांबायला हवं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जास्त किलोओहम म्हणजे जास्त आउटपुट (सिग्नलचा जोर).’ मल्टीमीटर दाखवतो तो कॉइलमधल्या तांब्याच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स. तार किती लांब आणि किती बारीक, एवढंच त्यातून कळतं. जुन्या गिब्सन पद्धतीच्या हंबकरला 42 गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तार असते, सेमूर डंकन कंपनीच्या जेबी या हंबकरला 44 गेजची, म्हणजे आणखी बारीक. तेवढ्याच लांबीला 44 गेजचा रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त भरतो. वेढे तेवढेच ठेवून नुसती तार बदलली, तरी मीटरवर 8 चे 12 होतील. आवाजाची ताकद मात्र जिथल्या तिथे.

डीमार्झिओ कंपनी आपल्या पिकअपचे आउटपुट मिलिव्होल्टमध्ये छापते, तिचेच आकडे पाहा. तिच्या टोन झोन या पिकअपचा रेझिस्टन्स 17 किलोओहमच्या वर आणि आउटपुट 375 मिलिव्होल्ट. सुपर डिस्टॉर्शनचा रेझिस्टन्स 14 च्याही खाली आणि आउटपुट 425. मेसेजच्या हिशेबाने हे उलटं असायला हवं होतं.

दुसरा दाखला डंकनचा. त्यांचे कस्टम, कस्टम कस्टम आणि कस्टम 5 हे तिन्ही ब्रिज हंबकर मीटरवर 14 च्या आसपासच येतात, कारण कॉइल एकाच जातीची आहे. फरक मॅग्नेटचा: पहिल्यात सिरॅमिक, दुसऱ्यात अल्निको 2, तिसऱ्यात अल्निको 5. पहिल्याचा बेस घट्ट आणि जोर जास्त, दुसऱ्याचे मिड्स (मधल्या पट्टीतले सूर) पुढे आणि कडा मऊ, तिसऱ्यात मिड्स मागे सरकलेले. आकडा एकच आणि स्वभाव तीन.

तो आकडा स्थिरही नसतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. महाबळेश्वरला 15 अंशांवर 8 किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात नागपूरला 42 अंशांवर 8.8 च्या पुढे जाईल. म्हणून कुणी तो ‘हॉट’ झाला म्हणणार नाही. आणि ईएमजी 81 सारख्या ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपच्या आत प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट, असतो, त्याला मीटर लावून आलेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही.

या मुद्द्यात खरं तेवढंही सांगतो. तार तीच, मॅग्नेट तोच, बॉबिन (वेढे गुंडाळायची रीळ) तीच आणि फक्त वेढे वाढवले, तर रेझिस्टन्स वाढतो आणि आउटपुटही वाढतं. पण त्याबरोबर इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध, हेन्रीमध्ये मोजतात) वाढतो, आणि टोन ठरवण्यात त्याचा वाटा रेझिस्टन्सपेक्षा कितीतरी मोठा आहे. पिकअपचा आवाज एका ठरावीक फ्रीक्वेन्सीवर उचल घेतो आणि तिच्या वर झपाट्याने उतरतो. पिकअप आणि केबल मिळून कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) 600 पिकोफॅरड धरा. साडेचार हेन्रीच्या हंबकरची ही उचल 3,000 हर्ट्झच्या आसपास येते, 8 हेन्रीच्या हंबकरची 2,300 च्या आसपास. पिकचा टोकदार आघात, कॉर्डमधला वेगवेगळ्या तारांचा सुटा आवाज, हे सगळं याच पट्ट्यात आणि त्याच्या वर असतं. ते कापलं गेलं की गेन (ॲम्पमधली सिग्नलची वाढ) चढवल्यावर रिफचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीचा, लगदा होतो.

‘मेटलला 15 च्या वरचाच.’ हे पसरण्यामागे खरा इतिहास आहे. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी बनवलेल्या हंबकरचा पेटंट अर्ज 1955 चा, आणि ते पिकअप साधारण 7 ते 9 किलोओहमचे. नेकला (गिटारच्या मानेजवळ) आणि ब्रिजला वेगळा असा प्रकारच नव्हता. ब्रिजजवळ गिटारची तार कमी हलते, त्यामुळे तिथला आवाज मुळातच बारीक आणि तीक्ष्ण येतो. पुढे ब्रिजचे पिकअप जास्त वेढ्यांचे होऊ लागले त्याचं एक कारण हे. दुसरं कारण ॲम्प, म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. त्या काळच्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आजच्यासारखा गेन नव्हता, पुढून जोराचा सिग्नल दिला की पहिल्याच व्हॉल्व्हमध्ये आवाज लवकर फाटत असे. 1972 मध्ये सुपर डिस्टॉर्शन आला तो नेमका याच गरजेतून.

आज ती गरज राहिली आहे का? घरी बसून वाजवणारे बहुतेक जण ऑडिओ इंटरफेस किंवा मल्टी-इफेक्टमधून वाजवतात. तिथे गेन हवा तेवढा मिळतो, उलट फार जोराचा पिकअप इनपुटच क्लिप करतो, म्हणजे आवाज नको तिथे फाटतो. मग मागे ट्रिम (इनपुटची पातळी) कमी करत बसा.

आणि कमी आउटपुटने भारी आवाज येत नाही म्हणणाऱ्यांनी माल्कम यंगकडे पाहावं. एसी/डीसी या रॉक बँडचा बहुतेक ऱ्हिदम त्याने ग्रेच गिटारच्या ब्रिजवरच्या एकट्या फिल्टरट्रॉन हंबकरवर वाजवला. फिल्टरट्रॉन जेमतेम 4 किलोओहमचा असतो. एडी व्हॅन हेलनच्या सुरुवातीच्या गिटारमध्ये गिब्सन ईएस-335 या गिटारमधून काढलेला हंबकर होता. त्यांच्या आवाजाची धार ॲम्पमधून आणि हातातून आली. जोराचा पिकअप वाईट असं मी म्हणत नाही. लीडची सुरावट लांब ताणायची असेल, गिटार मुळात चिरकी असेल, तर जेबीसारखा पिकअप तिला अंग देतो. पण डाउनट्यून करून (तारा खालच्या सुराला लावून) वेगवान पाम-म्यूट (तळहाताने तारा दाबून) वाजवणाऱ्याने 8 ते 10 किलोओहमचा अल्निको 5 हंबकर आधी ऐकावा.

‘सिरॅमिक कर्कश’ यावर फार बोलण्यासारखं नाही. सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे आणि त्याचा आवाज भरदार, मिड्सने गच्च म्हणूनच ओळखला जातो. मॅग्नेटने फरक पडतो, पण तो कॉइलच्या जोडीने. नुसत्या मॅग्नेटच्या नावावर निकाल देता येत नाही.

‘पिकअप बदलण्यावाचून इलाज नाही.’ सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या वाक्यापायी. आधी पिकअपची उंची बघा. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तिच्या खाली येणाऱ्या पोल पीसपासून (पिकअपवरचा लोखंडी खुंटा) तारेपर्यंतचं अंतर मोजा. रुपयाचं नाणं किंवा स्टीलची पट्टी मॅग्नेटला चिकटते, म्हणून कालबाह्य झालेली दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवा. ती दीड मिलिमीटर भरतात. ती तार आणि पिकअपच्या मध्ये अलगद सरकली, जरा जागा उरली, की झालं. पहिल्या तारेकडेही तसंच करा. पुष्कळ गिटार दुकानातून येतात तेव्हा हे अंतर चार-पाच मिलिमीटर असतं, आणि मग ब्रिज पिकअप पातळ वाटतो यात नवल काय. बाजूचे स्क्रू अर्धा-अर्धा वेढा फिरवत, प्रत्येक वेळी वाजवत वर या. फार जवळ नेलात तर मॅग्नेट तार ओढतो आणि सूर थरथरतो, तिथून किंचित खाली यायचं.

त्यानंतर पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर) तपासा. हंबकरला साधारण 500 किलोओहमचे पॉट लागतात. 250 चे असतील तर ट्रेबल (वरचे तीक्ष्ण सूर) दबते आणि माणूस पिकअपला दोष देतो. मल्टीमीटर खऱ्या अर्थाने इथे कामाला येतो, कारण 500 छापलेला पॉट 20 टक्क्यांनी कमी-जास्त निघू शकतो, म्हणजे 400 सुद्धा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत चार-पाच पॉट मोजून त्यातला चांगला निवडून घेता येतो. व्हॉल्यूमसाठी सहसा ए500के लिहिलेला घ्या.

एवढं करूनही पिकअप बदलायचाच असेल, तर विक्रेत्याला किलोओहमच्या आधी इंडक्टन्स, तारेचं गेज आणि मॅग्नेट विचारा. आणि गिटारवर ब्रिज पिकअपच्या जागी पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजून ठेवा. ते 50 मिलिमीटरच्या जवळ असेल तर नेहमीचा हंबकर बसतो. 52-53 असेल, जसं फ्लॉइड रोज (एक प्रकारचा हलता ब्रिज) असलेल्या गिटारवर सहसा असतं, तर रुंद पोल पीसचा मागवा.