काचेवर रंगवलेली गुहा

मंदारचं म्हणणं सरळ होतं. 'डेंजर: डायबॉलिक', म्हणजे डायबॉलिक नावाच्या चोराच्या इटालियन कॉमिकवरून मारिओ बावाने केलेला सिनेमा, दिसायला देखणा, पण आतून रिकामा. "काळ्या पोशाखातला चोर, झगझगीत दिवे, फिरत्या पलंगावर नोटांचा ढीग आणि त्यात लोळणारं जोडपं. १९६८ची फॅशन आहे ती. मिशेल पिकोलीसारखा नट इन्स्पेक्टर म्हणून घेतलाय आणि त्यालाही काही करायला दिलेलं नाही."

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे बोलल्यावर शुभा गप्प बसणं शक्यच नव्हतं. "फॅशन म्हणू नकोस. मारिओ बावा दिग्दर्शक व्हायच्या आधी कॅमेरामन होता. डायबॉलिकची ती अफाट भुयारी गुहा आठव. तेवढा सेट कधी उभाच नव्हता. थोडासा भाग खरा आणि उरलेलं चित्र कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर! नट बरोबर त्या जागी उभे राहिले की गुहा खरी. निर्माता दिनो दे लॉरेंतीस भरपूर पैसा द्यायला तयार होता, बावाने त्यातला थोडाच वापरला."

"म्हणजे हातचलाखी," मंदार म्हणाला.

"हातचलाखी नाही, कॉमिक्सची समज. कपाटाच्या खणांतून, आरशातून तो माणसं दाखवतो. पडद्याचे आपोआप चौकोन पडतात, छापील पानासारखे."

इथे मी शुभाच्या बाजूने होतो. मूळ कॉमिक १९६२मध्ये मिलानमध्ये अँजेला आणि लुचाना जुस्सानी या बहिणींनी सुरू केलं. रोज लोकलने ये-जा करणाऱ्यांसाठी, खिशात मावेल एवढ्या आकाराचं. प्रवासात वाचायच्या गोष्टीत चित्रानेच पटकन पकडावं लागतं. बावाला हे उमगलं होतं.

शुभाने मग सिनेमातल्या पाचूंच्या हाराचा विषय काढला. डायबॉलिक तो आपल्या प्रेयसीसाठी, इव्हासाठी चोरतो, त्यातले पाचू बंदुकीत भरून व्हॅलमाँट या गुंडावर झाडतो आणि दहनानंतर त्याच्या राखेतून परत मिळवतो. दागिना, गोळी, राख, पुन्हा दागिना! "गोष्ट कुठेय म्हणून विचारतोस ना? ही घे. एकही संवाद नसता तरी कळली असती." यावर मंदारलाही मान डोलवावी लागली. एन्यो मोरिकोनेचं संगीत तर त्यालाही आवडतं, त्यावर वाद झालाच नाही.

मग त्याने 'मोडेस्टी ब्लेझ' पुढे केला. १९६६चा, जोसेफ लोझीसारखा दिग्दर्शक, नायिका मोनिका व्हिट्टी, रंगांची उधळण. तोही कॉमिकवरूनच. मग तो का फसला? माझ्या मते लोझीला आपल्या नायिकेची थट्टा करायची होती. प्रत्येक दृश्यात तो कॉमिकपेक्षा शहाणा असल्याचं दाखवत राहतो आणि सिनेमा ढिला पडतो. बावा डायबॉलिक आणि इव्हाच्या प्रेमाकडे कधीच वरून बघत नाही. इव्हा सोबतीला असलेली शोभेची बाई नाही, चोरीतली बरोबरीची भागीदार आहे. कॉमिकमध्ये १९६३ला ती आली तीच मुळी डायबॉलिकला गिलोटिनपासून वाचवायला.

मंदारचा शेवटचा प्रश्न मात्र अवघड होता. डायबॉलिक कर भरायच्या कचेऱ्या उडवून देतो, अर्थमंत्री लोकांना आपणहून कर भरा म्हणून विनवतो आणि आपण हसतो. आतल्या माणसांचं काय? शुभा म्हणाली, चित्रातल्या इमारती आहेत त्या. मला ते उत्तर पटलं नाही, आणि सिनेमाही तिथे कॅमेरा थांबवत नाही.