बायोप्सी नॉर्मल आली म्हणजे नक्की काय आलं? (पंचवटीकर यांना उत्तर)

पंचवटीकर दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, राग नाही आला, कोणीतरी लेख शेवटपर्यंत वाचून भांडतंय हेच खूप झालं. तुमचं म्हणणं असं की मी साध्या ॲसिडिटीवाल्यांना एंडोस्कोपीला (तोंडातून नळी घालून जठर आतून बघायला) पळवतोय, बायोप्सीसाठी म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, आणि तुमच्या मामांची बायोप्सी नॉर्मल येऊनही चार महिन्यांनी जठराचा कॅन्सरच निघाला, मग उपयोग काय.

पहिलं मान्य. मिसळ खाऊन जळजळलं म्हणून कोणी नळी गिळायला जाऊ नये, ते मी घाईत लिहून गेलो. पण घास अडकतोय, वजन उतरतंय, शी डांबरासारखी काळी होतेय, तर ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका, कारण त्या गोळ्यांनी कधीकधी कॅन्सरची जखमसुद्धा वरवर भरून येते आणि माणूस निवांत होतो. पसरण्याचं म्हणाल तर चिमट्याने जठराच्या अस्तराचा तीळभर कण काढल्याने कॅन्सर पसरत नाही, तो विषय सोडा.

मामांचं मात्र मनाला लागलं. मी नाशकातच पॅथॉलॉजी लॅबला टेक्निशियन, फॉर्मालिनची (तुकडे टिकवायच्या द्रावणाची) बाटली आली की आधी उजेडाला धरून तळाशी कण किती ते बघतो. एकदा अल्सरच्या पेशंटच्या बाटलीत एकच कण, तोही जखमेच्या मधला, स्लाइडवर नुसता मेलेला कचरा, पेशी म्हणून ओळखू येईना! संशय असेल तर कडेकडेने ६ ते ८ तुकडे घ्यायचे असतात. शिवाय काही कॅन्सर अस्तराखालून पसरतात, जठर चामड्याच्या पिशवीसारखं ताठ होतं, हवा भरली तरी फुगत नाही आणि वरचा तुकडा खुशाल नॉर्मल येतो, तिथे खोलवरचे तुकडे लागतात किंवा आतून सोनोग्राफी. म्हणजे नॉर्मल होते ते बाटलीतले कण, अख्खं जठर नाही. म्हणूनच जठरात अल्सर दिसला तर रिपोर्ट चांगला असला तरी साधारण ८ ते १२ आठवड्यांनी परत एंडोस्कोपी करून तो भरला का बघतात, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे "आता बरंय की" म्हणून कोणी जात नाही.

मामांना परत बोलावलं होतं का? आणि तो पहिला रिपोर्ट घरात असेल तर त्या कागदाच्या वरच्या भागात तुकडे किती आले ते लिहिलेलं असतं, तेवढं बघून सांगता का?